ताप उतरला आणि मूल खालावलं : लहान मुलांमधल्या डेंग्यूच्या निदानाचा इतिहास

जुलै ते नोव्हेंबर या काळात माझ्या दवाखान्यात एक प्रश्न रोज येतो. "डॉक्टर, कालपासून ताप आहे, डेंग्यूची टेस्ट करून घेऊ का?" त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुसरा येतो. "प्लेटलेट किती झाल्या?" आणि तिसरा प्रश्न खरं तर प्रश्न नसतोच, सुटकेचा निःश्वास असतो. "आज ताप नाही, आता बरं आहे ना."

या तिसऱ्या वाक्यापाशी मी थांबतो, कारण त्यात मी स्वतः एकदा फसलो आहे. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. सात वर्षांची एक मुलगी, चार दिवस चढा ताप, उलट्या, जेवण बंद. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला, ताप पूर्ण गेला, फक्त झोपून आहे. शनिवार होता. मी म्हणालो, छान, सोमवारी दाखवायला आणा. त्याच संध्याकाळी ते तिला खांद्यावर टाकून घेऊन आले. अंग गार, तळहात ओलसर, नाडी हाताला लागत नव्हती. दुपारपासून लघवी झाली नव्हती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून ती वाचली. मी तिला तपासलं असतं तर ते शनिवारी सकाळीच कळलं असतं, असं मला आजही वाटतं.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. ती कशी कळली हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तुमच्या मुलाला ताप येईल तेव्हा कोणत्या दिवशी कशाकडे पाहायचं हे पाठ करावं लागणार नाही.

सुरुवात नावापासून करू. 1780 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तापाची मोठी साथ आली. बेंजामिन रश या डॉक्टरांनी ती पाहिली आणि 1789 मध्ये तिचं वर्णन छापलं. लोक त्या तापाला 'हाडं मोडणारा ताप' म्हणत होते. त्याच्या आदल्याच वर्षी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलॉन या डॉक्टरांनी सांधे धरणाऱ्या तापाची नोंद केली होती. तो ताप डेंग्यू होता की चिकुनगुनिया, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. 'डेंग्यू' हा शब्द रूढ झाला 1828 च्या सुमारास, क्यूबा आणि वेस्ट इंडीजमधल्या साथीत. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ नखरा किंवा ठसक्याची चाल असा आहे. सांधे दुखतात म्हणून माणूस जपून, ताठ चालतो, त्यावरून हे नाव पडलं असं काही म्हणतात, तर काही जण त्याचं मूळ स्वाहिली भाषेत शोधतात.

नावाची एवढी चर्चा अशासाठी की या नावानेच बराच काळ दिशाभूल केली. हाडं मोडून येतात, डोळ्यांच्या मागे दुखतं, कंबर धरते, हे सगळं मोठा माणूस सांगतो. चार वर्षांचं मूल असं काही सांगत नाही. ते चिडचिड करतं, जेवत नाही, उलट्या करतं, पोट दुखतं म्हणतं. चेहरा लालबुंद दिसतो, आणि सर्दी-खोकला बहुधा फारसा नसतो. पुस्तकातलं वर्णन मोठ्यांचं, आणि गंभीर होणारी बहुतेक मुलं. शिवाय डेंग्यू म्हणजे त्रासदायक, पण जीव न घेणारा आजार अशी डॉक्टरांची समजूत झाली होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 1897 च्या साथीत मुलं रक्तस्राव होऊन दगावल्याच्या नोंदी आहेत. 1928 च्या सुमारास ग्रीसमध्ये आलेल्या साथीत दहा लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि हजारावर मेले. तरीही हे अपवाद आहेत असं समजून पुस्तकं तशीच राहिली.

मधल्या काळात आजाराचं कारण सापडत गेलं, ते थोडक्यात सांगतो. 1906 मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस बॅन्क्रॉफ्ट यांनी एडिस इजिप्ती डासाकडे बोट दाखवलं. 1907 मध्ये मनिलात अ‍ॅशबर्न आणि क्रेग या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी दाखवलं की रुग्णाचं रक्त जंतू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळलं तरी आजार पसरतो, म्हणजे कारण बॅक्टेरियापेक्षा लहान आहे. 1943 मध्ये नागासाकीत किमुरा आणि होत्ता यांनी विषाणू वेगळा केला. युद्धामुळे ते काम जगाला उशिरा कळलं. दुसरीकडे अल्बर्ट साबिन, ज्यांच्या नावाने पोलिओचे थेंब ओळखले जातात तेच, अमेरिकी सैनिकांच्या रक्तावर काम करत होते. त्यातले काही नमुने आपल्या कोलकात्यातले होते. साबिन यांना दोन गोष्टी समजल्या. डेंग्यूचा विषाणू एकाच प्रकारचा नाही. आणि एका प्रकाराने झालेला डेंग्यू त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देतो, पण दुसऱ्या प्रकारापासून जेमतेम दोन-तीन महिने.

ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुलांकडे येऊ. 1954 मध्ये मनिलातल्या बालरोगतज्ज्ञांनी एक नवाच आजार नोंदवला. मुलांना दोन-तीन दिवस ताप, मग त्वचेवर लाल ठिपके, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, आणि ताप कमी होत असतानाच अचानक कोसळणं. 1956 मध्ये पुन्हा साथ आली तेव्हा विल्यम हॅमन यांच्या पथकाने या मुलांच्या रक्तातून डेंग्यूचे विषाणू काढले, आणि तेही तोवर माहीत नसलेले तिसरा आणि चौथा प्रकार. ज्या आजाराला कुणी मरत नाही असं म्हणत होते, तोच हा आजार होता. 1958 मध्ये बँकॉकमध्ये सुमारे अडीच हजार रुग्ण, बहुतेक मुलंच, रुग्णालयांत आले. दर दहांमागे जवळपास एक दगावलं.

माझ्या मते डेंग्यूच्या निदानाचा खरा इतिहास इथून, बँकॉकच्या बालरुग्णालयातून सुरू होतो. तिथे डॉ. सुचित्रा निम्मानित्य या बालरोगतज्ज्ञ होत्या. आज डेंग्यूच्या मुलाला वाचवण्यासाठी आम्ही जे करतो, त्यातलं बरंचसं त्यांच्या वॉर्डातून आलं आहे, आणि आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. जोडीला त्याच शहरात स्कॉट हॉल्स्टेड हे अमेरिकी डॉक्टर प्रयोगशाळेत काम करत होते.

आजाराचं नावच 'रक्तस्रावी ताप' पडलं होतं. त्यामुळे मूल रक्त जाऊन मरतं, असं कुणालाही वाटेल. पण वॉर्डात दिसत होतं ते वेगळं. कोसळलेल्या बहुतेक मुलांचं इतकं रक्त बाहेर गेलेलंच नव्हतं. उलट त्यांचं रक्त तपासलं तर ते घट्ट झालेलं असायचं. छातीत आणि पोटात पाणी साठलेलं असायचं. रक्तातली प्रथिनं कमी झालेली असायची. याचा अर्थ असा की रक्तवाहिन्यांच्या भिंती काही तासांसाठी झिरपू लागतात. रक्तातला पाण्याचा भाग, ज्याला आम्ही प्लाझ्मा म्हणतो, तो बाहेर जातो आणि लाल पेशी आत राहतात. मातीच्या माठातून पाणी पाझरावं तसं, फक्त इथे पाझरलेलं पाणी शरीरातच, चुकीच्या जागी साठतं. वाहिन्यांत भरायला पुरेसं रक्त उरत नाही, रक्तदाब पडतो, मूल गार पडतं. 1966 मध्ये कोहेन आणि हॉल्स्टेड यांनी डेंग्यूतल्या या शॉकवर लेख लिहिला.

दुसरी गोष्ट वेळेची. हे झिरपणं तापाच्या ऐन भरात सुरू होत नाही. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतो त्याच सुमारास ते वाढतं, आणि साधारण एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. म्हणजे मूल वाचवायचं तर त्या 24 ते 48 तासांत त्याच्या वाहिन्या योग्य प्रमाणात भरलेल्या ठेवायच्या. कमी सलाईन दिलं तर शॉक, जास्त दिलं तर तेच पाणी फुप्फुसाभोवती साठून श्वास कोंडतो. थायलंडमध्ये 1958 ला दहा टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण पुढच्या काही दशकांत एक टक्क्याच्याही खाली आलं. विषाणूवर औषध तेव्हा नव्हतं. मुलांना वेळेवर ओळखणं आणि सलाईन मोजून देणं, एवढ्यावर हे झालं.

मग काही मुलंच एवढी गंभीर का होतात? हॉल्स्टेड यांच्या लक्षात आलं की कोसळणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा हा दुसरा डेंग्यू असतो, आधीच्यापेक्षा वेगळ्या प्रकाराचा. पहिल्या खेपेच्या प्रतिपिंडांनी नव्या विषाणूला मारायला हवं, पण ती त्याला नुसती चिकटतात आणि पेशींमध्ये शिरायला उलट मदत करतात. त्यांना एक अपवादही दिसला. सहा-आठ महिन्यांची बाळं पहिल्याच डेंग्यूत गंभीर होत होती. ती प्रतिपिंडं आईकडून आलेली होती, आणि एव्हाना संरक्षण देण्याइतकी उरली नव्हती. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या तापाला मी कधी 'थांबून पाहू' म्हणत नाही.

या कल्पनेवर बरीच वर्षं वाद चालला. 1981 मध्ये क्यूबात तिला बळ मिळालं. तिथे 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची साथ येऊन गेली होती, आणि चार वर्षांनी दुसरा प्रकार आला. काही महिन्यांत 3,44,203 रुग्ण, दहा हजारांवर गंभीर, 158 मृत्यू, त्यातली 101 मुलं. मला या आकड्यांत एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. क्यूबाने एक लाखाहून जास्त लोकांना दाखल करून घेतलं. संशय आला की खाट. दहा हजार गंभीर रुग्णांत मृत्यू दोनशेच्या आत राहिले, त्यामागे हे कारण मोठं आहे. अलीकडे फिलिपिन्समध्ये 2016 साली आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली आणि 2017 च्या अखेरीस मोहीम थांबवावी लागली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढत होता. साबिन आणि हॉल्स्टेड यांचंच कोडं पुन्हा समोर आलं.

आपल्या देशात रक्तस्रावी तापाची मोठी साथ प्रथम कोलकात्यात आली, 1963 मध्ये. तिथले नमुने तपासणाऱ्यांत पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. हीच संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही झाली, आणि पावरी बाई तिच्या संचालक झाल्या. आज सरकारी रुग्णालयांत डेंग्यूच्या आयजीएम तपासणीसाठी जे किट वापरतात, ते एनआयव्हीतच तयार होतं. मी स्वतः रेसिडेंट असताना, 1996 मध्ये, दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून जास्त मृत्यू झाले. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनी डेंग्यूचा धडा खऱ्या अर्थाने तेव्हा उघडला.

आता तपासण्यांकडे. सर्वांत जुनी तपासणी यंत्राशिवाय होते. रक्तदाबाचा पट्टा दंडावर बांधायचा, वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधोमध पाच मिनिटं फुगवून ठेवायचा, सोडल्यावर हातावर एक इंचाच्या चौकोनात किती लाल ठिपके उमटतात ते मोजायचं. 1909 आणि 1911 मध्ये हॅम्बुर्गच्या रुम्पेल आणि लीड या डॉक्टरांनी ही पद्धत वर्णन केली, तीही स्कार्लेट फीव्हरसाठी. बँकॉकच्या डॉक्टरांनी ती डेंग्यूसाठी वापरली. पूर्वी वीस ठिपके धरत, आता दहालाही संशय घेतात. ठिपके आले नाहीत म्हणून डेंग्यू नाही, असं मात्र नव्हे. 1990 च्या दशकात थायलंडमध्ये तापाच्या पहिल्या तीन दिवसांत आलेल्या मुलांचा अभ्यास झाला. पट्ट्याची ही चाचणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं, आणि यकृताच्या एएसटी या तपासणीत वाढ, एवढ्यावरून डेंग्यूची मुलं इतर तापांच्या मुलांपासून बऱ्यापैकी वेगळी काढता येत होती. साधा सीबीसी रिपोर्ट हातात आला की मी प्लेटलेटच्या आधी पांढऱ्या पेशी बघतो, ते यामुळे.

प्रयोगशाळेची पद्धत पूर्वी अशी होती की तापात एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आणि प्रतिपिंडं चौपट वाढली का ते पाहायचं. मूल घरी जाऊन शाळेत जायला लागलं की निदान पक्कं व्हायचं! मग आयजीएम तपासणी आली. ती ताप आल्यापासून चार-पाच दिवसांनी उपयोगाची होते, दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह येणारच. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन 1970 मध्येच सापडलं होतं, पण रुग्णाच्या रक्तात ते पहिल्या दिवसापासून मोजता येतं हे 2000 च्या आसपास दाखवलं गेलं आणि आजची झटपट किट त्यातून आली. हीच ती 'डेंग्यूची टेस्ट', जी तुम्ही मागता. तिची एक मेख आहे. दुसऱ्या खेपेच्या डेंग्यूत जुनी प्रतिपिंडं या प्रथिनाला झाकतात, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते. आणि जास्त गंभीर होतात ती दुसऱ्या खेपेचीच मुलं. म्हणून निगेटिव्ह एनएस१ रिपोर्ट पाहून कुणी निर्धास्त झालं की मला धास्ती वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही या प्रश्नावर आपली भूमिका बदलली आहे. 1975 मधली पहिली व्याख्या सुचित्राबाईंच्या कामावर बेतलेली होती. ताप, रक्तस्रावाची खूण, प्लेटलेट एक लाख किंवा कमी, आणि रक्त 20 टक्के घट्ट होणं, असे चारही निकष जुळले तर 'रक्तस्रावी डेंग्यू'. अडचण अशी की चारही जुळेपर्यंत काही मुलं हाताबाहेर जात. 2009 मध्ये ही चौकट बाजूला ठेवून धोक्याच्या खुणा पुढे आणल्या गेल्या. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, मूल सुस्त किंवा अकारण बेचैन होणं, यकृत सुजणं, छाती-पोटात पाणी, आणि प्लेटलेट भराभर उतरत असताना हिमॅटोक्रिट चढणं. यातली एक जरी खूण दिसली तरी मूल दाखल करायचं.

हिमॅटोक्रिटबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे त्यात एक खास फसवणूक आहे. रिपोर्टवर तो एचसीटी किंवा पीसीव्ही म्हणून छापलेला असतो. आपल्या कित्येक मुलांना रक्त कमी असतं. समजा एखाद्याचा एचसीटी एरवी 28 आहे. डेंग्यूत तो 36 झाला, तर रिपोर्टमध्ये त्यापुढे कसलीच लाल खूण नसते, आकडा नॉर्मल. प्रत्यक्षात त्याचं रक्त 28 टक्क्यांहून जास्त घट्ट झालेलं असतं आणि तो शॉकच्या उंबरठ्यावर असू शकतो. म्हणून मुलाचे जुने रक्ताचे रिपोर्ट फेकू नका, तापात आणताना सोबत आणा. नसेल तर तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेला सीबीसी पुढच्या तुलनेला उपयोगी पडतो.

रक्तदाबाचंही तसंच. मुलांचा वरचा आकडा शेवटपर्यंत टिकून राहतो. 100/70 चं 100/85 झालं तर पाहणाऱ्याला वाटतं दाब चांगला आहे. दोन आकड्यांमधलं अंतर 20 किंवा त्याहून कमी होणं हाच शॉकचा इशारा आहे.

आणि प्लेटलेट? त्यांचा आकडा निदानाला मदत करतो, पण मूल त्या आकड्याने कोसळत नाही, झिरपण्याने कोसळतं. सिंगापूर आणि मलेशियात 372 प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्यांना नुसत्या खबरदारीसाठी प्लेटलेट भरून रक्तस्राव टळला नाही. पपईच्या पानांच्या रसाबद्दल तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे. उलट्या होणाऱ्या मुलाला तो कडू रस पाजण्यापेक्षा दर पाच-दहा मिनिटांनी चमचा-चमचा ओआरएस पोटात गेलेलं मला जास्त हवं असतं.

तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढंच. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड नको, आणि तापासाठी कमरेत इंजेक्शनही नको. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने ताप चटकन उतरतो म्हणून घरोघरी त्याची बाटली असते. रक्तस्रावाचा धोका आहेच, शिवाय ताप औषधाने उतरला की आजाराने, हे मग तुम्हालाही कळत नाही आणि मलाही नाही.

ताप आल्याचा दिवसच नव्हे, वेळही कॅलेंडरवर लिहून ठेवा. "मंगळवारी रात्री नऊला" हे मला "तीन-चार दिवस झाले" पेक्षा कितीतरी कामाचं आहे. ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस मुलाला शाळेत पाठवू नका, आणि हात-पाय गरम आहेत ना, पाणी पितंय ना, ओळखीने बोलतंय ना, सहा तासांत एकदा तरी लघवी झाली ना, हे पाहत राहा. रात्री दोन वाजता यातलं काही बिघडलं तर रात्री दोनलाच निघा, सकाळची वाट पाहू नका.

त्या सात वर्षांच्या मुलीनंतर मी तापाच्या प्रत्येक मुलाच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ हाताने लिहितो : "ताप उतरला तरी अमुक तारखेला दाखवणे." तारीख मोजून घालतो. काही पालक हसतात, ताप गेल्यावर कशाला यायचं म्हणतात. तरी बहुतेक जण येतात. मी मुलाचा हात हातात घेऊन पाहतो, नखावर दाबून रंग किती लवकर परततो ते बघतो, सीबीसी पुन्हा करतो, आणि पाच मिनिटांत त्यांना घरी पाठवतो.